चराईबंदीचा ठराव

माझं अक्षर चांगलं आहे, आणि या सगळ्या प्रकरणात त्या अक्षराचा वाटा मोठा आहे. वडील नगरला शाळेत मास्तर होते. एखादी वेलांटी वाकडी दिसली की ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे, मग घरात पाहुणे का बसलेले असेनात. या अक्षराच्या जोरावर मुलगी बँकेत चिकटेल अशी त्यांची समजूत होती. मी चिकटले एका संस्थेला, जिच्या कचेरीत तेव्हा माणसं पाच होती आणि खुर्च्या तीन.

आमच्या संस्थेचं काम म्हणजे जमीन राखणं. कुणा एकाच्या मालकीची नव्हे, गावाची: गायरान, डोंगराचा उतार, ओढ्याकाठची पड. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात अशा जमिनी गावोगाव आहेत आणि बहुतेक टकल्या आहेत. आम्ही जायचो, ग्रामसभा भरवायचो, काही श्रमदानानं, काही मजुरीनं उतारावर आडवे चर खणून घ्यायचो म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथेच मुरेल. पण कुदळ उचलायच्या आधी आमची एक अट असायची. पाच वर्षं या जमिनीवर एकही जनावर चारायचं नाही, असा ठराव गावानं करायचा. हीच चराईबंदी. पाच वर्षांत गवत मूळ धरतं, बी पडतं, माती जागेवर थांबते. त्यानंतर लोकांनी विळ्यानं गवत कापून घरी न्यायचं, जनावर मात्र आत सोडायचं नाही. हे मी इतक्या गावांत सांगितलं आहे की झोपेतून उठवलं तरी एका दमात म्हणून दाखवीन.

त्या गावाचं नाव नको. तिथे ठराव चुटकीसरशी झाला. इतक्या लवकर होतोय म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती, पण मी खूश होते. हात वर करणारे सगळे थोड्याफार जमिनीचे धनी होते. त्यांच्या गाई-म्हशींना बांधावरचं गवत होतं, घरचा कडबा होता. गायरानावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. टाळ्या वाजल्या, आणि तेवढ्यात मागून, शाळेच्या पायरीवर बसलेली एक बाई म्हणाली,

“आन माजी शेरडं काय तुमचा ठराव खात्याल?”

सभा हसली. मीही हसले. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

तिला गुंठाभरसुद्धा जमीन नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला निघत, कोल्हारच्या बाजूला, प्रवरेकाठच्या फडांवर, आणि उन्हाळ्यात परत येत. ती मात्र कधी गेली नव्हती. तिच्याकडे अकरा शेळ्या होत्या. दूध, पिल्लं, सणासुदीला एखादा बोकड, यावर तिचं भागायचं. मी पहिल्यांदा तिच्या दारात जाऊन बसले तेव्हाच तिनं मला सगळं स्वच्छ सांगितलं होतं.

“म्याडम, शेरडं हायेत तवर मी ह्या गावची. शेरडं गेली का मी मुकादमाची. मंग त्यो जिकडं टोळी नेईल तिकडं कोयता घिऊन जायाचं. ह्या वयात.”

मी आठवडाभर तिच्या दारात बसले. शेळीच्या दुधाचा चहा प्यायले, त्याचा वास सहन केला आणि तोंड हसरं ठेवलं. कुणी नाही म्हटलेलं मला सहजासहजी खपत नाही, आणि या हट्टाला मी बरीच वर्षं तळमळ म्हणत आले. मी तिला सांगितलं, शेळ्या विका. पाच वर्षं चर खणायच्या कामावर आणि आमच्या रोपवाटिकेत तुम्हाला रोजगार आहे. पाच वर्षं झाली की गवत कापायला पहिला विळा तुमचा. मग पुन्हा शेळ्या घ्या, दावणीला बांधा, गवत आणून घाला. उन्हातान्हात रानोमाळ हिंडायचं कारण नाही.

तिनं विचारलं, “शबुद हाय का तुमचा?”

“शब्द आहे, मावशी.”

तिला तेवढं पुरलं. पहिल्या विळ्याचा हा शब्द मी कुठल्याही कागदावर लिहिला नाही. आमच्या छापील नमुन्यात चराई बंद झाली का, चर किती, झाडं किती, असे रकाने होते. कुणाला काय कबूल केलं याला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते लिहायची सवय आम्हाला नव्हती.

घोडेगावच्या बाजाराला मी तिच्याबरोबर गेले होते. टेम्पोत मागे शेळ्या आणि त्यांच्यात ती उभी. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. बाजारात गिऱ्हाईक दात बघायचं, कास दाबून बघायचं, आणि ही प्रत्येकीची ओळख करून द्यायची. “ही उजव्या अंगानं पिळू देत न्हाई, डावीकडनं बसा. हिला पिल्लू आधी हुंगू द्या, मंगच पान्हा सोडती. ही काळी पावसात भिती.” घेणाऱ्यांना यातलं काहीही नको होतं. त्यांना किती किलो भरेल ते हवं होतं. दुपारपर्यंत अकराही गेल्या. परतीच्या टेम्पोत ती मागेच बसली, रिकाम्या टेम्पोत, दोरांची गुंडाळी मांडीवर घेऊन. पुढे ये म्हटलं तर आली नाही. मी वाटेत भजी घेतली होती, तिला द्यायला गेले, तर म्हणाली, “तू खा पोरी.” त्या दिवसापासून तिचं म्याडम सुटलं आणि मी पोरगी झाले.

पुढची पाच वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं आहे. गावानं राखण समिती नेमली आणि तिला अध्यक्ष केलं. आम्ही तिचा फोटो काढून अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकला. तिच्याइतकी कडक राखणदार मी कुठे पाहिली नाही. सरपंचाची गाय आत शिरली तर तिनं ती हाकत नेऊन सरपंचाच्याच ओट्याला बांधली आणि दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. सख्ख्या पुतण्याची कुऱ्हाड काढून घेतली. लोक तिला चेष्टेनं फॉरेस्टवाली म्हणायला लागले. तिला ते आवडायचं, वर वर तोंड वाकडं करायची एवढंच.

आणि गवत आलं. पहिल्या वर्षी नुसती कुसळं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मारवेल, मग पवना. ओढ्याला दिवाळीनंतरही पाणी दिसू लागलं. तितर बोलायला लागले. एकदा आम्ही दोघी चराच्या काठावर भाकरी खात बसलो होतो तर समोरून खोकड गेलं, सावकाश, आमच्याकडे न बघता. ती कुजबुजली, “बग, त्यालाबी कळलं हितं कोन मारीत न्हाई.” गवताच्या जाती तिनंच मला शिकवल्या. कुठलं शेळी आधी तोडते, कुठल्यानं दूध वाढतं, कुठलं नुसतंच पोट भरतं. शेळ्या नव्हत्या, पण तिची नजर अजून शेळीचीच होती. हे सगळं ती येणाऱ्या दिवसांसाठी साठवून ठेवत होती. किती शेळ्या घ्यायच्या, दावण कुठल्या भिंतीला करायची, हेही तिचं ठरलं होतं.

दरवर्षी एक काम असायचं. बंदी पाळली याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा नवा ठराव निधी देणाऱ्यांकडे पाठवायचा. तो मी लिहायची. ग्रामसेवकाचं अक्षर मला बघवायचं नाही, म्हणून मीच म्हणायची, द्या इकडे. पहिलं वाक्य ठरलेलं: चराईबंदी कायम ठेवण्यात येत आहे. आणि दुसरं मी पदरचं जोडलेलं, पुरावा पक्का व्हावा म्हणून: “सदर गटात कोणाचेही जनावर चरत नाही, गवत कापले जात नाही, व सदर जमिनीचा कोणीही कोणत्याही कारणासाठी वापर करीत नाही.” निधी देणाऱ्यांकडून शाबासकी आली. मग मी दरवर्षी तेच उतरवत गेले. सभेत मी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायची, आणि पुढचं सगळ्यांना माहीतच आहे म्हणून कागद सहीला सरकवायची. पहिली सही तिची. ती तिसरीपर्यंत शिकलेली होती. जीभ दातांत धरून एकेक अक्षर जोडायची आणि तोवर अख्खी सभा थांबून राहायची.

पाचवं वर्ष सरलं. दिवाळीच्या आसपास गवत कमरेपर्यंत आलं होतं, पिवळं पडायला लागलं होतं. ती विळा घेऊन कचेरीच्या दारात आली. इतक्या लांब, एस.टी.नं, विळा फडक्यात गुंडाळून.

“पोरी, आता कापू का?”

आणि मी म्हणाले, “मावशी, एक वर्ष थांबा.”

कारण सांगते. पुढच्या हंगामात निधी देणारी मंडळी स्वतः पाहायला यायची होती. उभं गवत फोटोत जसं दिसतं तसं कापलेलं दिसत नाही. कापणी सुरू झाली की मधे मधे भादरल्यासारखी दिसते जमीन. आमच्या सरांचंही, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांचंही, म्हणणं तेच पडलं, पण सरांवर ढकलून उपयोग नाही, मला स्वतःलाच ते अख्खं, न मोडलेलं रान त्यांना दाखवायचं होतं. माझं रान. मी तसंच म्हणायची, माझं.

ती म्हणाली, “थांबते. पाच थांबले, त्यात आनि येक काय.” फडकं पुन्हा गुंडाळलं आणि उलट पावली गेली.

मंडळी आली, फोटो झाले, फेटे बांधले गेले. आणि त्याच हिवाळ्यात, कापणीला हात लागायच्या आतच, गायरानावर मोजणीवाले आले. सौर ऊर्जेचा प्रकल्प होणार होता. रिकामी सरकारी जमीन शोधत होते, आणि गायरान कागदावर सरकारचंच असतं. विजेशी माझं वाकडं नाही. माझ्या घरीही पंखा फिरतो. पण ही जमीन रिकामी नव्हती. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा मी गावाला म्हणाले, घाबरू नका, आपल्याकडे कागद आहेत.

मी सहा वर्षांचे सहा ठराव, सहीशिक्क्यांसह, फायलीत लावले आणि स्वतः नेऊन तालुक्याच्या कचेरीत दिले. गावानं जमीन कशी राखली याचा एवढा पुरावा दुसऱ्या कुठल्या गावाकडे असेल? तिथले अधिकारी वाईट नव्हते. थकलेले होते, पण त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, एकेक ठराव शांतपणे वाचला. मग म्हणाले, “मॅडम, फार नीट काम आहे तुमचं. जमीन कुणाच्या वापरात नाही याचा दाखला आम्हाला लागणारच होता.” आणि शिपायाला झेरॉक्स काढायला पाठवलं.

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी बोलू लागले, अहो, तसं नाही, लोक गवत कापणार होते, हक्क आहे त्यांचा. त्यांनी विचारलं, “तशी कुठे नोंद आहे का?” मी फाईल चाळत बसले. काय सापडणार होतं? धोंडा मीच कोरला, मीच वाहून आणला आणि पाडला तिच्या पायावर.

पुढच्या महिन्यात तेच अधिकारी लोकांच्या हरकती ऐकायला गावात आले. सकाळची वेळ, देवळाचा सभामंडप, माणूस न् माणूस हजर. आदल्या दिवशी आमच्या सरांनी मला बजावलं होतं, “अजून पाच-सहा गावांत आपल्याला याच कचेरीच्या परवानग्या लागणार आहेत. तू तिथे तोंड उघडू नकोस. बोलायचं ते गाव बोलेल.” मी खांबाला टेकून बसले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, या जमिनीवर पूर्वी कुणाची जनावरं चरायची? ती उठली. “माजी. अकरा शेरडं हुती. बंदीसाठी इकली. आता आमी गवत कापनार हुतो.”

“पण बाई, इथे तुमचीच सही आहे. गवत कापलं जात नाही, जमिनीचा कुणी वापर करत नाही, असं लिहिलंय. सहाही वर्षं.” त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. सभेत कुजबुज झाली. त्या वाक्याचा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला होता.

मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि, हे मला स्पष्ट आठवतं, जरा पुढे झुकून, समजुतीनं विचारलं, “सही करायच्या आधी हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं का? नसेल दाखवलं तर तसं सांगा. मी नोंद घेतो.”

त्या नोंदीनं प्रकल्प थांबला असता असं मी म्हणत नाही. पण ती नोंद झाली असती, तर कुणाला तरी पुन्हा चौकशी करावी लागली असती. दार तेवढं उघडं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभेनं पाहिलं, पण तिनं पाहिलं ते वेगळं. बराच वेळ पाहिलं. ती आठवत असेल, असं मी स्वतःला समजावलं. उठायचं आणि पाच शब्द म्हणायचे होते: नाही, मी वाचून दाखवलं नव्हतं. डोळ्यापुढे सर आले, नोकरी आली, ती पाच-सहा गावं आली. मी खाली फरशीकडे बघितलं.

“दाखवलं हुतं,” ती म्हणाली. “आमीच म्हनलं तसं लिवा.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. ती बसली.

पावसाळ्याआधी कुंपण झालं. कंत्राटदाराच्या माणसांनी यंत्रं लावून दोन दिवसांत सगळं गवत भुईसपाट केलं आणि ढीग करून पेटवलं. पेटवायच्या आधी तो कंत्राटदार तिला म्हणाला होता, मावशी, न्या हवं तेवढं. तिनं एक भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी आणला. घरी खाणारं कुणी नव्हतं. शेजारच्या वासरानं दोन दिवस ते ओढून ओढून खाल्लं आणि उरलेलं पावसात कुजलं. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी त्या गावाला जायचं टाळत होते. रोपवाटिकेचं काम संपलं होतं, निधीची मुदत संपली होती, आणि माझ्याकडे दुसरी दोन गावं आली होती. सबबींना काय तोटा.

दसऱ्यानंतर कळलं की ती टोळीबरोबर निघाली आहे. तेव्हा मात्र राहवलं नाही. गेले. वेशीजवळ ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, बांबू, गोधड्या, लहान मुलं, आणि मुलगा वर उभा राहून सामान लावत होता. ती खाली चूल पोत्यात बांधत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, “आलीस व्हय. च्या न्हाई आता, समदं बांधलं.”

मी विचारलं, या वयात कोयता कसा धरणार? ती म्हणाली, कोयता नाही, मोळ्या बांधीन, नातवंडं सांभाळीन. मी म्हणाले, मी काहीतरी करते, संस्थेकडून, कुठून तरी दोन शेळ्या. ती चुलीची गाठ मारत राहिली. मग मला रडू आलं आणि मी ते विचारलं, जे विचारायला खरं तर आले होते.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही खोटं का सांगितलं? मी वाचून दाखवलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.”

“मंग काय सांगायचं? पोरीनं फशिवलं म्हनून? चार मानसांत?” तिनं पोतं वर दिलं. मुलानं ते ओढून घेतलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. “मी लई येळ उबी हुते तितं. म्हनलं, उटंल. आता उटंल.”

सुनेनं वरून हात दिला. तिनं एक पाय चाकावर ठेवला, लुगडं सावरलं आणि वळून माझ्याकडे बघितलं.

“तवा न्हाई उटलीस. आता कशापायी रडती? हो बाजूला, गाडी मागं येतीया.”